मूठभर तांदूळ

ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : तांदूळ दिला, दूधपावडर दिली आणि बाटवलं. चहाच्या टपरीवर ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येतं. ते सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. दुष्काळात धान्य मिळतं म्हणून बाप्तिस्मा घेणारे होते, देणारेही होते, आणि त्यावरून खुद्द मिशनऱ्यांमध्ये वाद झाले आहेत. पण आज मी ज्यांची हकीकत सांगणार आहे त्यांच्या बाबतीत तांदूळ उलट्या दिशेनं गेला. ज्यांना तांदूळ देऊन बाटवलं म्हणतात, त्याच गोरगरिबांच्या बायकांनी शिजवायच्या तांदळातून रोज मूठ मूठ बाजूला काढली, आणि त्या मुठींवर आपल्यातलीच माणसं परमुलखात सेवेला पाठवली.

मी धर्मानं मुसलमान आणि लिहिण्यानं मराठी. तुम्हाला या पाद्र्यांच्या गोष्टीशी काय करायचंय, असं कुणी विचारील. माझं उत्तर सोपं आहे. आपल्या देशात गरिबाच्या दारात धर्म घेऊन गेलेल्या प्रत्येकाकडे संशयानं पाहिलं जातं, आणि त्या संशयाचा अनुभव मलाही आहे. संशयाचं खरंखोटं करायचं तर एखादी हकीकत नीट उलगडून पाहावी लागते. म्हणून ही.

गोष्ट सुरू होते तमिळ मुलखाच्या अगदी दक्षिण टोकाला, तिरुनेलवेली भागात. तांबडी वाळू, पाणी कमी, आणि जिकडेतिकडे ताडाची झाडं. या झाडांवर चढून रस काढायचा, त्याचा गूळ करायचा, हा तिथल्या नाडार जातीचा धंदा. जुन्या कागदांत त्यांना शाणार म्हटलंय. दिवसभर झाडावर चढउतार करायची आणि गावातल्या देवळात मात्र पाऊल टाकायचं नाही, अशी त्यांची स्थिती. शेजारच्या त्रावणकोर संस्थानात तर या जातीच्या बायकांना अंगभर वस्त्र घ्यायची परवानगी नव्हती. त्यासाठी कितीतरी वर्षं मारामाऱ्या झाल्या, आणि १८५९ मध्ये राजाला जाहीरनामा काढून ती बंदी सैल करावी लागली.

अठराव्या शतकाच्या अखेरीला या नाडारांमध्ये ख्रिस्ती धर्म पसरू लागला. पसरवणारा मुख्य माणूस गोरा नव्हता. डेव्हिड सुंदरानंदम नावाचा त्यांच्याच जातीतला तरुण होता तो. नव्या ख्रिस्ती लोकांना गावोगावी मार बसू लागला, घरं पेटू लागली, तेव्हा १७९९ मध्ये त्यांच्यासाठी एक नवी वस्ती वसवली गेली. तिचं नाव मुदलूर, म्हणजे पहिलं गाव. तमिळमध्ये 'मुदल' म्हणजे पहिलं, मूळचं, आणि भांडवलही. आपल्या 'मुद्दल' या शब्दाचं त्याच्याशी नातं असावं असं मला नेहमी वाटत आलंय. पुढे १८३० मध्ये ऱ्हेनियस या जर्मन मिशनऱ्याच्या काळात 'धर्मसंगम' नावाचा फंड उभा राहिला. छळ झालेल्यांसाठी जमीन घ्यायची, त्यावर वस्त्या बसवायच्या, हे त्याचं काम. मार खाऊन आलेल्याला आधी पाय ठेवायला जागा लागते, हे या मंडळींना पहिल्यापासून कळलेलं होतं.

अशाच एका गावात, वेल्लालनविलै इथे, १७ ऑगस्ट १८७४ रोजी वेदनायकम सॅम्युएल अझरिया यांचा जन्म झाला. वडील गावचे पाळक, जात नाडार. मुलगा मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला आणि १८९५ पासून वाय.एम.सी.ए. या तरुणांच्या संघटनेचा चिटणीस म्हणून दक्षिणेत फिरू लागला. बरी नोकरी, इंग्रजीवर हुकमत, गोऱ्या साहेबांशी ओळखी. आयुष्य सुखात गेलं असतं.

१९०२ मध्ये ते सिलोनात जाफन्याला गेले. तिथल्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या पैशानं स्वतःची एक मिशन चालवलेली त्यांनी पाहिली. त्या दृश्यानं हा माणूस अस्वस्थ झाला. तिरुनेलवेलीत ख्रिस्ती होऊन लोकांना शंभर वर्षं झाली होती. चर्चेस होती, शाळा होत्या, शिकलेली मुलं होती. आणि दुसऱ्या कुणासाठी स्वतःहून काही करायचं म्हटलं की सगळ्यांच्या नजरा लंडनच्या मिशन कचेरीकडे लागायच्या. शंभर वर्षं घेणारा हात कधी देणार, असा प्रश्न त्यांनी आपल्या लोकांपुढे टाकला. १२ फेब्रुवारी १९०३ ला पाळयंकोट्टई इथे 'इंडियन मिशनरी सोसायटी ऑफ तिरुनेलवेली' स्थापन झाली. माणसं आपली, पैसा आपला, कारभार आपला, ही तिची धारणा होती.

माणसं पाठवायची कुठे? त्यांनी निवडलं डोर्नकल. निजामाच्या हैदराबाद संस्थानात वरंगळच्या पुढे, काझीपेठहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचं हे गाव. तिथून एक फाटा कोळशाच्या खाणींकडे जातो. आपल्या मराठवाड्याचे पाच जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते, म्हणजे एका अर्थानं नांदेड-परभणीचे आणि डोर्नकलचे लोक एकाच सरकारची रयत होते. तिरुनेलवेलीच्या माणसाला मात्र तो परदेशच. भाषा तेलुगू, खाणंपिणं वेगळं, उन्हाळा वेगळा, राजा वेगळा. पहिला प्रचारक १९०४ मध्ये गेला तेव्हा त्याला तिथली भाषा मुळाक्षरांपासून शिकावी लागली.

त्याचा पगार कुठून आला? तिरुनेलवेलीच्या शिक्षकांनी, कारकुनांनी, शेतकऱ्यांनी, ताडावर चढणाऱ्यांनी दिलेल्या वर्गणीतून, आणि घराघरांतल्या मूठभर तांदळातून. चुलीवर आधण ठेवलं की तांदूळ मोजून घ्यायचा, त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची. महिन्याकाठी मडकं चर्चमध्ये न्यायचं. तांदूळ विकून जे येईल ते फंडात. रोजच्या मुठीनं घरातलं कुणी उपाशी राहात नाही. आणि ज्या बाईच्या हातात कधी एक रुपया येत नाही, तिच्याही नावावर दान जमा होतं.

ही रीत आपल्याला अनोळखी नाही. आपल्याकडे माधुकरी होती, मुष्टिफंड होता, आणि पैशापैशानं उभा राहिलेला पैसाफंडही त्याच काळातला. आम्हा मुसलमानांमध्ये मदरशासाठी मूठभर पीठ वेगळं काढून ठेवायची चाल होती. देवबंदचा मदरसा १८६६ मध्ये सुरू झाला तेव्हा मौलाना कासिम नानोतवींनी त्याच्यासाठी जे नियम घालून दिले त्यांत एक फार शहाणपणाचा आहे. जहागीर, कारखाना, एखाद्या अमिराचं वचन, असं कायमचं उत्पन्न लावून घेऊ नका, सामान्यांच्या वर्गणीवर चाला, असा त्याचा आशय. कायमची मिळकत आली की माणसं देवाकडे आणि लोकांकडे बघायची थांबतात, हे त्या मौलवींना दिसलं होतं. अझरियांनी हा नियम वाचला असेल असं नाही. पण गरिबाच्या पैशाला जी एक शिस्त असते ती दोघांनाही ठाऊक होती.

तो काळही लक्षात घ्या. १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली, पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली, स्वदेशी हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला, विल्यम कॅरीच्या ग्रंथालयात, देशभरातून आलेले ख्रिस्ती जमले आणि त्यांनी 'नॅशनल मिशनरी सोसायटी' स्थापन केली. हा तोच कॅरी, ज्यानं बरोबर शंभर वर्षं आधी, १८०५ मध्ये, मराठी भाषेचं व्याकरण छापलं होतं. नव्या संस्थेमागे अझरिया आणि त्यांचे स्नेही के. टी. पॉल हे दोघे होते. तिनं ठरवलं की हिंदुस्थानाबाहेर झोळी पसरायची नाही. स्वदेशीच्या इतिहासात आपण साखर, काच, काड्यापेट्या मोजतो. ही स्वदेशी मिशन त्यात कुणी मोजत नाही. ख्रिस्ती म्हणजे साहेबाचा माणूस, हे आपण इतकं धरून चाललोय की साहेबाला नको म्हणणारा ख्रिस्ती आपल्या नजरेत येतच नाही.

आता १९१० सालात येऊ. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली. हजाराच्यावर प्रतिनिधी, जवळजवळ सगळे युरोप-अमेरिकेचे. आशियातून आलेले बोटांवर मोजण्याइतके. त्यांत पस्तिशीचे अझरिया होते. त्यांना बोलायला विषय दिला होता, परदेशी आणि देशी कार्यकर्त्यांचं सहकार्य. अशा विषयावर गोड बोलून खाली बसायचं असतं. त्यांनी तसं केलं नाही. गोरा मिशनरी देशी पाळकाला जेवायला बोलावत नाही, त्याच्या घरी जात नाही, दोघांमधलं नातं धनी आणि नोकराचं आहे, हे त्यांनी त्या सभेत तोंडावर सांगितलं. तुम्ही आमच्यासाठी घरदार सोडलंत, पैसा ओतलात, शरीरं झिजवलीत, याबद्दल आम्ही ऋणी आहोत, पण आम्हाला आता मित्र पाहिजेत, असा त्या भाषणाचा शेवट होता. सभेत काही लोक नाराज झाले. भाषण मात्र शंभर वर्षांनंतरही लोकांच्या आठवणीत आहे, आणि परिषदेतली बाकीची बहुतेक भाषणं विस्मरणात गेली आहेत.

हे दुखणं आपल्या नगर जिल्ह्यातही होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर वर्षानुवर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं. मिशनचा पगार घेणारा देशी माणूस कितीही मोठा कवी असला तरी हिशेबाच्या वहीत तो नोकरच. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पुढे दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार रुजायचा राहिला. टिळक कवी होते. कवीला हिशेबाचं मडकं सांभाळता येत नाही, हे मी स्वानुभवानं सांगतो. अझरियांना ते सांभाळता येत होतं.

एडिंबरोच्या आधी वर्षभर, १९०९ मध्ये, अझरियांनी वाय.एम.सी.ए.ची नोकरी सोडून धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली होती आणि ते स्वतःच डोर्नकलला राहायला गेले होते. दुसऱ्याला पाठवून आपण मद्रासला राहणं त्यांना पटलं नाही. पत्नी अंबू सोबत होत्या. त्यांनीही तेलुगू शिकून तिथल्या बायकांमध्ये काम केलं. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथिड्रलमध्ये अझरियांना बिशपपद मिळालं. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. गोरे पाद्री काळ्या बिशपच्या हाताखाली काम कसं करतील, यावरून आधी बरीच कुजबुज आणि पत्रापत्री झाली होती, म्हणून सुरुवातीला त्यांच्याकडे लहानसाच मुलूख दिला गेला. मद्रासचे बिशप व्हाइटहेड त्यांच्या पाठीशी ठाम राहिले, हेही सांगायला हवं. सगळे साहेब सारखे नव्हते.

डोर्नकलच्या परिसरात ज्यांच्यात हे काम चाललं ते लोक म्हणजे माला आणि मादिगा. माला शेतमजुरी करणारे, मादिगा चामड्याचं काम करणारे. दोघेही अस्पृश्य, दोघांचीही घरं गावाबाहेर, आणि दोघांचं आपसातही जमत नसे. तेलंगणात तेव्हा 'वेट्टी' नावाची पद्धत होती. आपल्याकडच्या वेठबिगारीची सख्खी बहीण. देशमुखाच्या, पटवाऱ्याच्या घरी फुकट राबायचं, अधिकारी आला की त्याचं सामान डोक्यावरून पुढच्या गावाला पोचवायचं, जोडे शिवून द्यायचे ते फुकट. मेलेलं जनावर ओढायचं. जत्रेत ढोल वाजवायचा तो मादिगानंच.

अशा वस्तीत मिशननं पाठवला तो गावशिक्षक. बिशपपेक्षा, पाळकापेक्षा या हकीकतीत खरा महत्त्वाचा माणूस हाच. शिक्षण बेताचं, पगार अगदी थोडा, बायको बरोबर, बिऱ्हाड अस्पृश्यांच्या वस्तीतच. मजुरीची माणसं दिवसा कुठून येणार, तर रात्री कंदील लावून शाळा भरायची. पाटीवर तेलुगू अक्षरं, तोंडी प्रार्थना, गाणी. आंघोळ, दारूबंदी, पोरींची लग्नं लहानपणी न करणं, सावकाराचा कागद आंगठा उठवण्याआधी कुणाकडून तरी वाचून घेणं, हे सगळं त्या धड्यांतच. कागद वाचता येणारा मजूर ही जमीनदाराला पहिली धोक्याची घंटा वाटायची.

मग कुरबुरी सुरू व्हायच्या. ख्रिस्ती झालेला मादिगा म्हणे, देवीच्या जत्रेत ढोल वाजवणार नाही. मेलेल्या जनावराचं मांस खाणार नाही. रविवारी वेठीला येणार नाही. गावाच्या दृष्टीनं ही नुसती धर्माची गोष्ट नव्हती, गावगाड्याचं एक चाकच निखळत होतं. मारहाण व्हायची, काम बंद व्हायचं, पाणी तोडलं जायचं. आपल्या महाराष्ट्रात महारांनी मेलेली ढोरं ओढायची नाकारली तेव्हा गावोगावी जे झालं, त्याचीच ही तेलुगू आवृत्ती. फरक एवढाच की इथे त्याला धर्मांतराचं नाव होतं.

आणि या लोकांकडून अझरियांनी दान मागितलं! हे मला सगळ्यांत धाडसाचं वाटतं. उपाशी माणसाकडे दान मागायला छाती लागते. दयाळू माणूस म्हणेल, जाऊ द्या, बिचाऱ्यांकडे काय आहे. अझरियांचं म्हणणं वेगळं होतं. ज्याच्याकडून काहीच मागितलं जात नाही तो कायम बिचाराच राहतो. म्हणून डोर्नकलमध्येही मुठीची रीत आली. सुगीच्या सणाला माणसं जोंधळा, भात, भोपळे, कोंबड्या, अंडी घेऊन चर्चला यायची, आणि कोंबड्यांचा तिथेच लिलाव व्हायचा. देण्याच्या या विषयावर त्यांनी १९३९ मध्ये इंग्रजीत एक पुस्तकच लिहिलं. बिशप म्हणून त्यांनी इंग्लंडच्या संस्थांचा पैसा घेतला, शाळा-दवाखान्यांसाठी तो लागत होता, ते लपवायचं कारण नाही. पण गावच्या मंडळीनं आपला भार होता होईल तो आपण उचलायचा, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. (चर्चमधल्या समुदायाला मराठी ख्रिस्ती 'मंडळी' म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो. त्यात वरचा-खालचा कुणी नाही.)

काम केवढं वाढलं ते आकड्यांत सांगतो. १९१२ मध्ये बिशप झाले तेव्हा त्यांच्या हाताखाली अर्धा डझन भारतीय पाळक होते. १९३५ च्या सुमारास ही संख्या अडीचशेच्या घरात गेली होती, आणि गावशिक्षक दोन हजारांवर होते. मुलूखही वाढत वाढत गोदावरीच्या काठापर्यंत गेला होता. आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी तीच गोदावरी. ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांच्या वर गेली, त्यांत बहुसंख्य माला आणि मादिगा. आणखी एक गोष्ट घडली, जिची कुणी अपेक्षा केली नव्हती. वस्तीतली माणसं दारू सोडतात, स्वच्छ राहतात, पोरं वाचतात, हे पाहून वरच्या शेतकरी जातींतलीही काही माणसं चर्चकडे वळू लागली.

एवढे लोक धर्म बदलतायत म्हटल्यावर देशात चर्चा होणारच. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि सगळ्याच धर्मांचे लोक कान टवकारून बसले. अझरियांनी १९३६ मध्ये दलित देशबांधवांना उद्देशून खुलं पत्र काढलं आणि ख्रिस्ती धर्मात या, असं सरळ आमंत्रण दिलं. त्यांना फक्त सेवा करायची नव्हती, माणसं आपल्या धर्मात आणायची होती, आणि हे त्यांनी कधी झाकून ठेवलं नाही. गांधीजींना हे मुळीच पटलं नाही. सेवा करा, पण तिच्या आडून धर्म बदलू नका, ही त्यांची भूमिका 'हरिजन'च्या अंकांतून सारखी येत होती. त्या काळात ते असंही बोलून गेले की धर्माधर्मांतला फरक जोखण्याची समज दलितांना नाही.

गांधीजींविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की इथे ते चुकले. लाचेचा संशय त्यांनी बोलून दाखवला तो योग्यच होता. भुकेल्या माणसाच्या हो-नकाराला पुरतं स्वातंत्र्य नसतं, हे खरं आहे. पण वेट्टी करून पाठ मोडलेल्या मादिगाला माणसासारखं वागवणारा देव कोणता हे कळत नाही, असं म्हणायचा हक्क कुणालाच नाही. आपल्या दुःखाची जात ज्याला कळते त्याला औषधाचीही कळत असावी.

१९३३ मध्ये पिकेट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं या सामुदायिक धर्मांतरांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. देशातले दहा भाग निवडून हजारो ख्रिस्ती लोकांना प्रत्यक्ष विचारलं होतं, तुम्ही ख्रिस्ती का झालात? उत्तरं सरळ होती. कुणी देवासाठी, कुणी जुलमातून सुटण्यासाठी, कुणी भाऊबंद झाले म्हणून, कुणी बापाच्या पोटी जन्मले म्हणून. आणि निष्कर्ष असा की माणूस कोणत्या कारणानं आला यापेक्षा आल्यावर त्याला काय शिकवलं गेलं, यावर त्याचं पुढचं आयुष्य अवलंबून राहिलं. माझ्या मते लाच आणि मदत यांतला फरक इथे सापडतो. लाच देणारा नाव नोंदवून निघून जातो. कंदीलवाला शिक्षक बायकोमुलांसह तिथेच राहिला.

सगळं गोड झालं असं नाही. माला आणि मादिगा चर्चमध्येही एकमेकांपासून दूर बसत, एकमेकांत सोयरीक करत नसत, आणि हे भांडण अझरियांना मिटवता आलं नाही. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यानं धुऊन निघत नाही. आमच्याकडे मशिदीत एका ओळीत उभं राहूनही ती पुरती पुसली गेलेली नाही. त्यामुळे मी ख्रिस्ती बांधवांना हसणार नाही.

राजकारणात अझरियांनी घेतलेली भूमिका मात्र आपल्या चर्चेत कधी येत नाही. ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ देण्याचं इंग्रज सरकारनं ठरवलं तेव्हा या बिशपनं त्याला विरोध केला. त्यांचे स्नेही के. टी. पॉल गोलमेज परिषदेला गेले होते, त्यांचंही मत तेच. चर्च ही मतांची पेढी झाली की ती कुणाची सेवा करणार, असा अझरियांचा सवाल होता. स्वतंत्र मतदारसंघाच्या राजकारणानं आम्हा मुसलमानांचं काय झालं ते पाहिलं की त्या सवालाचं वजन कळतं.

स्वातंत्र्यानंतर या लोकांच्या वाट्याला काय आलं, तेही सांगतो. १९५० मध्ये अनुसूचित जातींसंबंधी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यात ठरलं की हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीचा धरायचं नाही. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. २०२२ मध्ये केंद्रानं माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली यावर आयोग नेमला. म्हणजे ज्या मादिगाचा आजा ढोल नाकारल्याबद्दल मार खाऊन ख्रिस्ती झाला, त्याचा नातू शाळेतल्या दाखल्यावर दलित नाही. गावात मात्र त्याचं घर अजून कुठल्या आळीत आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं. परदेशी देणग्यांविषयीचा कायदा आपल्याकडे १९७६ मध्ये आला, २०१० मध्ये नवा झाला, २०२० मध्ये आणखी कडक झाला. त्यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना मूठभर तांदळाची ही गोष्ट कुणीतरी सांगावी असं मला वाटतं. परक्याच्या पैशाबद्दलची नाराजी तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांनी सरकारच्या सत्तर वर्षं आधी बोलून दाखवली होती, आणि त्यावरचा उपायही स्वतःच्या चुलीपाशी शोधला होता.

ईशान्येला मिझोराममध्ये हीच रीत १९१० च्या सुमारास सुरू झाली. तिला मिझो भाषेत 'बुहफाय थाम' म्हणतात, मूठभर तांदूळ. पहिल्यावहिल्या मिझो ख्रिस्ती लोकांना त्यांच्या टोळीप्रमुखांनी हाकलून दिलं होतं, छळलं होतं. त्यांच्या नातसुना आजही भात शिजवताना मूठ बाजूला ठेवतात, आणि मिझो चर्च त्यावर देशभर आपली माणसं पाठवतं.

डोर्नकलला अझरियांनी एक कॅथिड्रल बांधलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झालेलं काम पैशांअभावी थांबत थांबत चाललं आणि ६ जानेवारी १९३९ ला त्याचा संस्कार झाला. इंग्लंडातल्या चर्चची नक्कल करायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याचे खांब दाक्षिणात्य देवळातल्या मंडपासारखे आहेत, घुमट आणि मिनार मुसलमानी वळणाचे. निजामाच्या मुलखात, तमिळ बिशपनं, तेलुगू दलितांसाठी उभी केलेली ही वास्तू. अझरिया १ जानेवारी १९४५ ला डोर्नकललाच वारले. दक्षिणेतली निरनिराळी प्रॉटेस्टंट चर्चेस एक व्हावीत म्हणून ते वीस-पंचवीस वर्षं खटपट करत होते. ते एकत्रीकरण २७ सप्टेंबर १९४७ ला झालं, ते पाहायला ते नव्हते. तिरुनेलवेलीची संस्था अजून चालू आहे. तिचं कार्यालय पाळयंकोट्टईलाच आहे.